अबू लेश

युनूसचाचा मुकादम बंदुका विकतात, पण मागितली आणि त्यांनी दिली असं आमच्या दुकानात कधी झालेलं नाही. गिऱ्हाईक आत येतं, काचेच्या कपाटाकडे बोट दाखवतं, आणि चाचा चष्मा कपाळावर सारून एकच शब्द विचारतात, "लेश?"

इथल्या अरबीत लेश म्हणजे कशाला. शिकारीला, असं उत्तर आलं तर चाचा विचारतात, कसली शिकार? पक्ष्यांची, म्हटलं तर पक्ष्यांनी तुझं काय वाकडं केलंय? शारजातले निम्मे शिकारी त्यांना अबू लेश म्हणतात, म्हणजे 'कशाला'चे तीर्थरूप. चाचांना हे ठाऊक आहे आणि ते त्यांना मनातून आवडतंही.

शेजारी अत्तराचं दुकान आहे. तिथं नुसतं डोकावलं तरी "हबीबी, हबीबी" करत दोन पोरं धावत येतात आणि मनगटावर चार थेंब टाकल्याशिवाय सोडत नाहीत. आमच्याकडे माणूस आत आला की चाचा आधी त्याच्या चपलांकडे बघतात. मग पोटाकडे. मग तोंडाकडे. तोवर भित्रं गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं.

मी या दुकानात परवान्यांचे कागद तपासते. इथं बंदूक घ्यायची तर पोलिसांचा परवाना लागतो, तो बघायचा, नोंदवायचा, हे माझं काम. मी मूळची वसईची, राहते दुबईत अल मनखूलला, आणि रोज सकाळी शारजाच्या ट्रॅफिकला शिव्या देत दुकानात पोचते. नवरा माझा रुवैसच्या रिफायनरीत आहे, तो शुक्रवारी संध्याकाळी येतो आणि रविवारी जातो.

मुलाखतीला आले तेव्हा अर्बाब, म्हणजे आमचे जुने मालक, गप्प बसून होते. प्रश्न चाचाच विचारत होते. "नवरा कमावतो ना? मग तुला नोकरी कशाला गो बाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा कमावता ना? मग तुमच्या बायकोला विचारलंत का कधी, तिला काय हवंय?"

चाचांनी आणखी दोन खोचक प्रश्न विचारले, मी त्याहून खोचक उत्तरं दिली. शेवटी ते अर्बाबांकडे वळून म्हणाले, "इसको रखो. ये बोलती है."

चाचांची मतं ठाम असतात, बरोबर असतातच असं नाही. अत्तर लावून शिकारीला जाणारा माणूस शिकारीला जात नाय, लग्नाला जातो, हे एक. जाड माणसाने लांब नळीची बंदूक घेऊ नये, हे दुसरं, आणि त्याला कसलाही आधार नाही. बंदूक उचलून आरशात स्वतःकडे बघणाऱ्याच्या हातातून ते ती सरळ काढून घेतात. "फोटोचा दुकान पीछे की गली में है," असं सांगतात. इथल्या जुन्या लोकांना हिंदी चांगली येते, त्यामुळे अपमान पुरेपूर पोचतो.

एकदा एका तरुणाला दिवाणखान्यात टांगायला नक्षीची बंदूक हवी होती. चाचा म्हणाले, "दीवार को बंदूक कायको? दीवार भागती है क्या?" तो बिचारा हसला. चाचा हसले नाहीत. त्यांनी त्याला पलीकडच्या दुकानातून पितळी दिवा घ्यायला लावला आणि स्वतः सोबत जाऊन भावही पाडून दिला. दुसऱ्या एकाला बदकांसाठी महागातली इटालियन बंदूक दाखवताना ते मधेच थांबले. "आठ हजार दिरहम! गो बाय, रुपयांत किती? दोन लाखांच्या घरात! बदकाला? बदकाच्या अंगावर तेवढं मांस तरी असतं?" आणि बंदूक परत कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी कपाळाला हात लावला.

स्वतः चाचांनी आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हलवाई काय रोज पेढे खातो?"

आता प्रश्न असा की अशा माणसाला कोणी ठेवून कसं घेतलं. तर जुन्या अर्बाबांना चाचा फार प्रिय होते. आणि दुसरं म्हणजे गिऱ्हाइकं परत यायची. जी पळून जायची ती पळायचीच, पण जी भांडायला उभी राहायची ती मग वर्षानुवर्षं भांडतच राहायची. समोरासमोर खुर्च्या टाकून, गहवा म्हणजे इथली कडू कॉफी पीत, जोरजोरात. त्यातले मुख्य अबू खलिफा. हे पांढऱ्या दाढीचे निवृत्त गृहस्थ दर आठवड्याला यायचे आणि बंदुकीला चामड्याचा पट्टा मागायचे. चाचा देत नसत. उन्हात चामडं घामेजतं, कापडी घ्या, हे चाचांचं मत. माझे वडील चामडीच वापरायचे, हे अबू खलिफांचं. यावर दोघे दुपारभर बोलत, एकमेकांच्या वडिलांचा उद्धार करत, आणि जाताना अबू खलिफा खजुरांचा डबा विसरल्यासारखा ठेवून जात. माझ्या डोळ्यांदेखत हा पट्टा किती वर्षं विकला गेला नाही, देव जाणे.

मग अर्बाब थकले आणि त्यांचा मुलगा मन्सूर दुकान बघू लागला. मुलगा चांगला आहे. लंडनला शिकला, कोणाला उलट बोलत नाही. त्याने आल्या आल्या दाराशी एक टॅबलेट बसवला. त्यावर तीन तोंडं होती, हसरं, मख्ख आणि रडकं. जाताना गिऱ्हाइकाने आपल्याला कसं वाटलं ते तोंड दाबायचं. पहिल्या आठवड्यात रडक्या तोंडांचा नुसता पाऊस पडला. चाचांना त्याचा अर्थ वेगळाच लागला. "बिचारे," ते म्हणाले, "बंदूक मिळाली नाय म्हणून रडतात."

मन्सूरने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. कागद घेऊन मी तिथंच होते. तो अदबीने म्हणाला, "चाचा, तुमचा व्हिसा संपत आलाय. मला तो वाढवायचाय. पण लोकांशी नीट बोला. प्लीज. नाहीतर मला खलास म्हणावं लागेल."

चाचा दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दाराशी उभे राहिले. गिऱ्हाईक आलं. "अहलन, तफद्दल!" या, बसा! मी हातातले कागद खाली ठेवले. गिऱ्हाइकाने बोट दाखवलं, चाचांनी बंदूक काढली, पुसली, दोन्ही हातांनी दिली. भिंतीला हवी? घ्या. बदकाला हवी? अलबत. अत्तराचा घमघमाट सोडणाऱ्या एकाला तर ते "वाह" म्हणाले. टॅबलेटवर हसरी तोंडं पडू लागली. मन्सूरने चाचांना मिठी मारली.

फक्त दुकानात कोणी बसेना. माणसं यायची, घ्यायची, हसरं तोंड दाबायची, जायची. गहवा थर्मासमध्ये तसाच राहायचा. चाचा दुपारी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसू लागले आणि उगाच माझी खोडी काढू लागले. तुझ्या डब्यातल्या सुक्या बोंबलांना मीठ जास्त का? तुझी पोरं इंग्रजीत का उत्तर देतात? मी भांडत होते, पण मला कामं होती.

तिथंच बसून ते म्हसळ्याला घरी फोन करायचे, स्पीकरवर, कारण ऐकू कमी येतं. रुकय्याचाचींचा आवाज मऊ होता. "जेवलीस?" "हो." "पंपवाला आलेला?" "हो, आला." "वरच्या खोलीला निळा रंग काढ." "बरं." "नायतर पिवळा काढ." "बरं, पिवळा." किती गुणी बाई, असं मला वाटायचं. चाचा मात्र फोन ठेवला की चिडलेले असायचे.

मग अबू खलिफा आले. खुर्चीत बसले, आवाज चढवला, "चामड्याचा पट्टा!"

चाचा उठले. कपाटातून चामड्याचा पट्टा काढला, पिशवीत घातला आणि म्हणाले, "तफद्दल."

अबू खलिफांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग चाचांकडे, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. ते थोडा वेळ बसून राहिले, पण बोलायला काही उरलंच नव्हतं. गहवा न पिता उठले, आणि दाराशी त्यांनी रडकं तोंड दाबलं. त्या आठवड्यातलं ते एकटंच. मन्सूर मला विचारत आला, हवं ते मिळालं, मग या म्हाताऱ्याला झालं काय? त्याला काय सांगणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, व्हिसा वाढवू नको. मन्सूर घाबरला. "चाचा, आता तर सगळं छान चाललंय! फक्त असेच राहा."

"असाच राहिलो तर मरेन रे बाबा," चाचा म्हणाले.

मला वाटलं, चला, सुटले. म्हसळ्याला दुमजली घर आहे, बायको आहे, मुलगा-सून आहेत, खाडीचा वारा आहे. पण आठवडा झाला तरी चाचांनी घरी कळवलंच नाही. रोज तेच, जेवलीस, हो, पंपवाला, बरं. शेवटी मीच खडसावलं, "सांगत का नाही चाचींना?"

चाचा बराच वेळ बंदुकीची नळी पुसत राहिले. नळी स्वच्छ होती.

"भीती वाटते गो," ते म्हणाले.

मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"सुट्टीवर जातो ना, तर मला चांगली खुर्ची देतात. पापलेटाचा मधला तुकडा मला. मी बोललो, आज ऊन हाय, तर सगळे बोलतात, होय, ऊन हाय. विहिरीवर गेलो तर मुलगा धावत येतो, तुम्ही बसा. मी काय पण बोललो तरी होय. कोणी नाय बोलत नाय. पाव्हण्याशी कोण भांडतो? तिथं जाऊन मी करू काय? महिनाभर पाव्हणा चालतो. जन्मभर कसा चालेल?"

त्या शुक्रवारी नवरा रुवैसहून आला. मी नेहमीप्रमाणे त्याला चहा देऊन "तू बस" म्हणाले आणि माझं मलाच कसंतरी झालं. मग मी कपडे वाळत घालायच्या स्टँडवरून त्याच्याशी कडाडून भांडले. तो आधी घाबरला. नंतर त्याने तो स्टँड दोन तास खटपट करून दुरुस्त केला आणि रात्री जेवताना फार खुशीत होता.

सोमवारी मी चाचांच्या हातात फोन दिला. "लावा. माझ्यासमोर."

त्यांनी लावला. दुकानात एक गिऱ्हाईक दुर्बिणी बघत होतं. "रुकय्या," चाचा म्हणाले, "मी येतोय. कायमचा. व्हिसा संपवला."

पलीकडे काही आवाजच नाही. चाचांचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, संपलं.

मग चाचींचा आवाज आला. "कायमचा म्हणजे? परत जायचा नाय?"

"नाय."

"नक्की?"

"नक्की."

"मग ऐका," चाची म्हणाल्या, आणि तो मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. "त्या फरश्या आधी काढायच्या. फोनवरून पसंत केल्यात, चकचकीत. पाणी सांडलं की मी घसरते. दोनदा पडलंय मी."

"पडलीस? मग सांगितलं का नाय?"

"कधी सांगणार? महिन्याभरासाठी येता. भांडून, तोंड कडू करून पाठवू तुम्हाला?"

चाचांनी टेबलाचा काठ धरला. पण अंगातली खोड जाते थोडीच. "ती फरशी इटालियन हाय!"

"असेल इटालियन. गुडघे माझे म्हसळ्याचे हायत!" चाची सुटल्या. "आणि जिना? एवढ्या उंच पायऱ्या कोणी ठरवल्या? आणि सैपाकघराची खिडकी मावळतीला का ठेवलीत? संध्याकाळी उन्हात डोळे फुटतात माझे."

"मावळतीला खाडीचा वारा येतो!"

"वाऱ्यावर भाकरी भाजू काय?"

"तुला घरातलं काय कळतं..."

"मला नाय कळत? मग या इकडं, दाखवते काय कळतं ते!" आणि फोन बंद झाला.

चाचा हातातल्या फोनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू. "बघितलंस गो बाय? फोन कापलान माझा. रुकय्यान!" घरात नातू झाल्याची बातमी सांगावी तसे ते सांगत होते.

दुर्बीणवाला काउंटरशी येऊन उभा होता. मी ओढणीने डोळे टिपले, त्याच्यापुढे गहवा ठेवला आणि म्हटलं, "दो मिनट बैठो भाई. चाचा के घर में झगड़ा हुआ है."