पाच किलोच्या आतला अपमान

हिरडपूरच्या पंखेकरी समाज हितवर्धक मंडळात अपमान तोलून घेतले जात, आणि पाच किलोच्या आत भरलेल्या अपमानाचा निषेध होत नसे.

तोलायचं काम मुकुंद झालरे यांच्याकडे होतं. त्यांनी बाजार समितीत एकतीस वर्षं तोलार म्हणून काढली होती. गुळाची ढेप नुसती हातात धरून तिचं वजन सांगणारा माणूस म्हणून यार्डात त्यांचा दरारा होता. व्यापाऱ्यांनी पोकळ केलेली मापं त्यांनी डोळे मिटून ओळखलेली होती. असा माणूस आयता समाजात असताना मंडळाने काटा दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घातला असता तरच नवल.

अपमान झाला की दोन-चार तासांत खांद्यावर त्याचा गोळा धरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. वेळेत काढला तर तो अलगद सुटतो. रंगाने काळपट असतो, वास नसतो, माशी बसत नाही. गावातल्या इतर लोकांनाही तो धरतो, पण त्यांची संख्या मोठी, त्यामुळे ते तो तिथल्या तिथे ज्याचा त्याला परत करून मोकळे होतात. पंखेकऱ्यांची घरं एकशे चौदा. त्यांना आपला गोळा पिशवीत घालून मंडळात आणावा लागे.

संस्थान होतं तेव्हा दरबाराच्या छताला टांगलेला झालरीचा पंखा या लोकांचे पणजे ओसरीत बसून दोरीने ओढत. पुढे संस्थान गेलं, वीज आली, पंखेकरी शिकले, कोणी मास्तर झाले, कोणी एसटीत लागले. गाव मात्र उकडायला लागलं की अजून त्यांच्याकडेच बघतं. एवढी आठवण गावाने दुसऱ्या कुठल्या गोष्टीची ठेवलेली नाही.

पूर्वी मंडळ तोलत नव्हतं. आला अपमान की काढ मोर्चा, असा खाक्या होता. एका साली एक्केचाळीस मोर्चे निघाले. लग्नपत्रिकेत आडनाव चुकलं म्हणून एक, कंडक्टरने पंखेकऱ्याच्या म्हातारीला "सरक गं" म्हटलं म्हणून एक. लोक भाजलेल्या शेंगा घेऊन कट्ट्यावर बघायला बसू लागले. त्याच साली नगरपरिषदेने समाजाची विहीर बुजवली आणि तिच्यावर मुतारी बांधली. त्यासाठी बेचाळिसावा मोर्चा गेला तेव्हा तिथल्या साहेबांनी मानही वर केली नाही. "आज काय?" एवढं विचारलं आणि निवेदन घेऊन आधीच्या एक्केचाळीस निवेदनांवर ठेवलं.

त्यानंतर मंडळाने घटना दुरुस्त केली. पाच किलोच्या खालचा अपमान किरकोळ समजावा, तो मागच्या खोलीत ठेवून द्यावा. कलम सात असं की प्रत्येक अपमान वेगळा तोलावा, दोन अपमान कधीही एकत्र पारड्यात घालू नयेत. हे कलम अध्यक्ष पुंडलिक पाखरे वकिलांनी सुचवलं होतं. नाहीतर लोक पणजोबांपासूनचं आणून ओततील, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मंडळाची पत मोठ्या प्रसंगासाठी राखायची ठरली. त्याला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत एकही अपमान पाच किलो भरला नाही, त्यामुळे गाव मंडळाला फार समंजस म्हणत असे.

मार्च महिन्यात मुकुंदअण्णांची मुलगी वैजयंती दोन्ही हातांनी पिशवी धरून मंडळात आली. ती नगरपरिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, एकोणीस वर्षं. मुख्याध्यापक एप्रिलअखेर निवृत्त होणार होते आणि यादीत पुढचं नाव तिचं होतं. झालऱ्यांच्या घरातलं माणूस त्या खुर्चीत बसलेलं एकदा बघायचं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं अण्णा येत्या-जात्याला सांगत.

"कुणी केला?" अण्णांनी विचारलं. नोंदीसाठी हे विचारावं लागे.

"शाळा समितीच्या अध्यक्षांनी. भाऊसाहेब निवळीकरांनी."

स्नेहसंमेलनात बक्षीस समारंभ चालू असताना वीज गेली होती. मंडपात हजार माणूस घामाने निथळत होतं. भाऊसाहेब हसून म्हणाले, "अहो, आपल्याकडे झालरेबाई आहेत की! बाई, दाखवा जरा घराण्याची कला." आणि बक्षिसांच्या यादीची फाइल त्यांनी तिच्या हातात दिली.

"मग?"

"मग मी वारा घातला."

अण्णांनी पेन खाली ठेवलं.

"नाही म्हणणार होते, अण्णा. पण सगळे हसत होते, माझ्या वर्गातल्या मुलीही हसत होत्या, आणि मी रागावले असते तर म्हणाले असते, बाईंना गंमतही कळत नाही. असा विचार करीपर्यंत हात हलायला लागला होता. अकरा मिनिटं. वीज आली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या."

अण्णांनी गोळा एका पारड्यात ठेवला आणि दुसऱ्यात पाच किलोचं लोखंडी माप. माप खालीच राहिलं. त्यांनी गोळ्याशेजारी दोनशे ग्रॅमचं छोटं माप ठेवलं, तेव्हा काटा सरळ झाला.

"दोनशे ग्रॅम कमी भरतंय बघ, वैजू."

"त्यांनी अजून एक मिनिट घालायला लावायला हवं होतं का?"

"तसं नव्हं. पण नियम सगळ्यांना एकच. स्वतःच्या लेकीचा म्हणून मी काट्याला बोट लावलं तर उद्या कोण इस्वास ठेवंल? आणि पुढं तुझी नेमणूक हाय. आत्ता भाऊसाहेबांशी वाजवलं, तर तीच घालवून बसशील."

हे वैजयंतीलाही पटलं. गोळा मागच्या खोलीत गेला. त्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर बावीस वर्षांचं किरकोळ होतं.

मे महिन्यात नेमणूक झाली. तिच्यापेक्षा आठ वर्षांनी कनिष्ठ असलेल्या गृहस्थांची. वैजयंतीला वेगळं पत्र आलं. बाईंचा सेवाभाव संमेलनात सर्वांनी पाहिला, प्रशासकीय जबाबदारीमुळे त्यावर विरजण पडू नये म्हणून समितीने जड अंतःकरणाने हा निर्णय घेतला, असं त्यात लिहिलेलं होतं. सही भाऊसाहेबांची होती.

या पत्राचा गोळा अर्धा किलो कमी भरला. पत्राची भाषा फार सभ्य होती, आणि सभ्य भाषेने वजन उतरतं, हा मंडळाचा जुना अनुभव होता.

"दोन्ही एकत्र घाला," वैजयंती म्हणाली. "मार्चमधला आणि हा. एकाच माणसाने, एकाच कामासाठी केलेत. अर्धा तेव्हा केला, अर्धा आता."

"कलम सात."

"अण्णा, माझी एकोणीस वर्षं गेली."

"माझं काळीज तुटत नाही का गं? पण कलम सात."

तिने पारड्यातलं माप उचललं. बहुतेक आपटायलाच उचललं असेल. पण ते हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"मी महिन्याला पाच किलो पीठ दळून आणते," ती म्हणाली. "हे पाच किलो नाही."

ती ते माप घेऊन समोरच्या किराणा दुकानात गेली आणि दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. सात किलो दोनशे ग्रॅम. परत आली तेव्हा अण्णा खुर्चीत बसलेले होते. माप तिने त्यांच्या मांडीवर ठेवलं.

हे माप दर डिसेंबरात गावातल्या अपमान-मापे कार्यालयाचा निरीक्षक तपासणीला घेऊन जाई आणि आठ दिवसांनी बुडाला शिसं भरून, शिक्का मारून परत आणी. शिक्क्याचं माप तेच खरं माप, असा कायदा होता.

"तुम्ही हाताने वजन सांगता," वैजयंती म्हणाली. "यार्डात कुणी तुम्हाला पन्नास ग्रॅमला फसवू शकलं नाही. हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

अण्णा बराच वेळ मापाच्या कडीशी चाळा करत राहिले.

"कळलं होतं," ते म्हणाले.

"कधी?"

"पयल्याच वर्षी. शंभर ग्रॅम जास्त लागलं हाताला. म्हटलं, शंभर ग्रॅमवरून कुठं निरीक्षकाच्या तोंडी लागायचं? एवढ्याशा गोष्टीवरून मंडळाची पत का घालवायची? दुसऱ्या वर्षी आणखी शंभर. आधी शंभरावर बोललो न्हवतो, मग त्या शंभरावर काय बोलणार?" त्यांनी माप मांडीवरून उतरवलं. "दर वर्षी शंभरच असायचं गं."

वैजयंती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर अण्णांना बरं वाटलं असतं.

मंडळाची तातडीची सभा भरली. पाखरे वकील उठून उभे राहिले. "बंधूंनो, ज्या प्रसंगासाठी आपण बावीस वर्षं पत राखली तो हाच!" टाळ्या पडल्या. बायका रडल्या. कोणीतरी जुना बॅनरही शोधून काढला, त्यावर अजून विहिरीचा मजकूर होता. मग सचिवांनी आठवण करून दिली की आधी तोलावं लागेल.

माप ताब्यात घेताना सही अण्णांची असे, म्हणून या फसवणुकीचा गोळा त्यांच्याच खांद्यावर होता. त्यांनी सदरा उतरवला. पण खांद्यावरून गोळा निघालाच नाही, खडे निघाले. बावीस खडे. सगळे एका आकाराचे, रेषेत बसलेले. सचिवांनी कलम सात वाचून दाखवलं आणि खडे एकेक करून तोलण्यात आले. दुसऱ्या पारड्यात तेच शिक्क्याचं माप होतं, कारण मंडळाकडे पाच किलोचं दुसरं अधिकृत माप नव्हतं आणि किराणा दुकानातला काटा अपमानासाठी मान्यताप्राप्त नाही. पारडं एकदाही हललं नाही; प्रत्येक खडा अण्णांच्या हाताला शंभर ग्रॅमच लागला.

"किरकोळ," असं सचिवांनी बावीस वेळा लिहिलं. पाखरे वकील खाली बसले. थोड्या वेळाने ते शेजाऱ्याला म्हणाले की पत वाचली हेही काही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीने मागच्या खोलीतून आपला मार्चमधला गोळा काढून घेतला. जमा झालेला अपमान परत मिळत नाही असं तिला सांगण्यात आलं, ते तिने ऐकून घेतलं. पिशवी घेऊन ती भाऊसाहेब निवळीकरांच्या बंगल्याच्या फाटकासमोर जाऊन बसली. घोषणा नाहीत, फलक नाही. पिशवी मांडीवर आणि बाई उन्हात. जाणारे-येणारे थांबून विचारत, आणि ती फाइलची गोष्ट सांगे. बहुतेकांना एवढ्यावरून कोणी उन्हात बसतं याचंच हसू येई.

दुपारी पाखरे वकील घाईघाईने अण्णांकडे आले. "मुकुंदराव, तिला उठवा. किरकोळावर बसली आहे ती. उद्या खरंच मोठं काही झालं तर आपल्याला कोण विचारणार?"

अण्णा गेले. जाताना तिच्या सेवापुस्तिकेचा पुठ्ठा डोक्यावर धरून गेले, ऊनच तसं होतं. वैजयंतीचा चेहरा लाल झाला होता. तिने पिशवी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती पेलून पाहिली. सात किलो. त्यांच्या हातांना शंकाच नव्हती. वर-खाली करून त्यांनी पुन्हा पाहिली, आणि तेवढ्या वेळात ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी परीक्षेचा निकाल आणल्यावर बघायची तशी.

"दोनशे ग्रॅम कमी," अण्णा म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि पिशवी परत मांडीवर घेतली. उठली नाही.

अण्णांना तिला ओढून न्यायचं बळ नव्हतं आणि सोडून जायचंही नव्हतं. ते तिच्या शेजारी फुटपाथवर टेकले. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. लेक उन्हात भाजते आहे हे बघवेना, म्हणून हातातल्या पुठ्ठ्याने ते तिला वारा घालू लागले. पंखेकऱ्याचा हात, वारा चांगला येत होता. वैजयंतीने डोळे मिटले.

फाटक उघडलं आणि भाऊसाहेब बाहेर आले. आधी ते चपापले, मग दोघांकडे बघून त्यांना बरं वाटलं. "वा, झालरे!" ते मोकळेपणाने म्हणाले. "जरा इकडेही येऊ द्या की." आणि हसत गाडीत बसून निघून गेले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

अण्णांच्या खांद्यावर गोळा धरला. इतका लहान होता की दोन-चार तास लागलेच नाहीत. त्यांनी तो काढून तळहातावर घेतला आणि सवयीने पेलला.

दोनशे ग्रॅम होता. ना कमी, ना जास्त.

शेजारी वैजयंतीच्या मांडीवर पिशवी होती, तोंड उघडं असलेली. अण्णा त्या उघड्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी गोळा रुमालात बांधून वेगळा खिशात ठेवला, आणि पुन्हा वारा घालायला सुरुवात केली.