खुला बाजार

"अहो, साखरेच्या डब्यात स्प्रिंग कशी आली?" बायकोने विचारलं.

कुलूपवाल्याने ती उचलून खिशात टाकली. बोलणार काय? छप्पर गळतं म्हणून नगरपालिकेने बाजाराला टाळं ठोकलं होतं आणि तेव्हापासून त्याचं दुकान स्वयंपाकघरात आलं होतं. गंमत बघा, तेवढं टाळं त्याने डोळे मिटून काढलं असतं. पण सरकारी टाळ्याला हात लावला की माणूस आत जातो. बाजाराच्या नव्हे, तुरुंगाच्या.

अशात निवडणूक आली. एक कार्यकर्ता दारात हात जोडून म्हणाला, "काका, आमचे साहेब निवडून आले की बाजार खुला करणार."

"खुला? नक्की?"

"अगदी सताड!"

कुलूपवाल्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अहो, कुणाला खुला, ते तरी विचारा," बायको म्हणाली.

"खुला म्हणजे खुला! तुला ना, मेलं चांगल्यात खोट काढायची सवयच."

मग काय, स्वारी सुटली. शिंपी, घड्याळजी, झाडून सगळे गाळेवाले त्याने साहेबांच्या मागे उभे केले. विरोधी उमेदवार घसा फोडून सांगत होता, "मी बाजार खुला होऊ देणार नाही!" कुलूपवाल्याने त्याची सभाच उधळली. घड्याळजी तापाने फणफणला होता, त्याला तर पाठुंगळी मारून मतदानाला नेलं.

दिलेला शब्द पाळणारा पुढारी विरळाच. साहेब नेमके त्यातले निघाले. बाजार खुला झाला, सगळ्या जगाला. छप्पर पाडलं, गाळे पाडले आणि तिथे चार मजली काचेचं दुकान उभं राहिलं. सातासमुद्रापलीकडची कुलपं इतकी स्वस्त, की जुनं दुरुस्तीला देणारा वेडा ठरावा. साहेबांनी बंगला बांधला. त्याचं दार म्हणे बोटाच्या ठशाने उघडतं.

शिंपी गाव सोडून गेला. घड्याळजी रस्त्यात दिसला की तोंड फिरवतो. कुलूपवाल्याला त्याच दुकानात नोकरी लागली, कुलपांच्या काउंटरवर. लोक म्हणाले, नशीबवान आहे. डोंबलाचं नशीब!

परवा शेजारच्या आजी पितळी कुलूप घेऊन तिथे आल्या. "अडकलंय रे. तुझा हात लागला की सुटेल बघ."

त्याने ते कानाशी धरून हलवलं. आत नुसता कचरा होता. तेलाचा थेंब आणि एक टिचकी, बस्स. पण मॅनेजर बघत होता.

"आजी, दुरुस्ती होत नाही. नवं घ्या."

"तुला येत नाही?"

"नाही," तो म्हणाला. असं तो जन्मात पहिल्यांदाच म्हणाला. आजींनी नवं घेतलं.

त्याच संध्याकाळी विरोधी उमेदवार घरी आला. बिचारा पुन्हा उभा होता. "तुमच्यासारख्या कारागिरांसाठीच लढतोय हो! निवडून आलो की बाहेरचा माल बंद, ते दुकान बंद!"

"आणि माझा पगार?"

बायकोने उमेदवाराला पाणी दिलं, ते पिऊन तो गेला.

कुलूपवाल्याने यंदाही मत खुल्या बाजारालाच दिलं. आणि यंदा अर्थ नीट समजून दिलं.