आधी बसा तरी

सासूबाई त्यांच्या गुडघ्याच्या डॉक्टरांचा चष्मा कसा हरवला ते सांगत होत्या. चष्मा अजून सापडायचा होता, तेवढ्यात उंबरठेसाहेब "हं, बरोबर" असं म्हणून ताटावरून उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मग कुठे सापडला गं?" बायकोने आईला विचारलं.

"ज्यांना सांगत होते ते गेले की उठून," सासूबाई म्हणाल्या. उपचारासाठी त्या लेकीकडे राहायला आल्यापासून जावयाला सांगितलेली एकही गोष्ट शेवटापर्यंत पोचली नव्हती.

उंबरठे हे काही साहेबांचं आडनाव नव्हे. कचेरीने ठेवलेलं नाव ते. संशोधकांना माणसं मिळवून देणारं संकेतस्थळ ही कचेरी चालवायची. कुणी झोपेचा अभ्यास करतंय, कुणी विसरभोळेपणाचा. त्यात भाग घ्यायची तयारी असलेल्याने संकेतस्थळावर अर्ज भरायचा. नव्याने आलेल्या माणसाला हात धरून उंबरठ्याच्या आत आणणारी पहिली पानं तयार करणं हे साहेबांचं काम, आणि त्यांचं त्या कामावर मनापासून प्रेम होतं. पण येणारे बहुतेक लोक अर्ज अर्धवट टाकून पसार होत होते.

त्याच दिवशी संचालकबाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. "झोपेच्या अभ्यासवाल्या प्राध्यापकबाई गाद्या घालून बसल्यात आणि झोपायला माणूस मिळेना," त्या म्हणाल्या होत्या. "महिनाअखेरपर्यंत लोक टिकले नाहीत, तर हे काम बाहेर देणार मी. तुम्हाला मग तक्रार विभागात जावं लागेल." तक्रार विभागात दिवसभर लोकांचं ऐकून घ्यावं लागतं, आणि ऐकून घेणं हा साहेबांचा प्रांत नव्हता.

"आईला भरायला दे की तो अर्ज," बायकोने बंद दारातून सुचवलं. "तिला वेळ आहे. आणि मतं तर काय, मागाल तेवढी आहेत."

साहेबांना ते पटलं. त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून सासूबाईंपुढे ठेवला आणि स्वतः शेजारी बसले. सासूबाईंनी पहिला प्रश्न वाचला आणि चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं.

"दारातच वजन विचारता?"

"संशोधनाला लागतं ते, आई."

"लागू दे ना. पण आलेल्या माणसाला आधी बसा तरी म्हणाल की नाही? तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात तेव्हा मी तुम्हाला वजन विचारलं होतं का?"

"पगार विचारला होता."

"तो पाणी दिल्यावर."

साहेबांनी ते बसा म्हणण्याचं अर्जाच्या नव्या पानावरच कच्चं टिपून ठेवलं, पुढे शहाण्यासुरत्या भाषेत लिहू म्हणून. जन्मतारखेपाशी सासूबाई म्हणाल्या, "सांगते, पण कशाला हवी ते आधी सांगा." झोपेत घोरता का, या प्रश्नावर त्यांचं म्हणणं असं पडलं, की झोपलेल्या माणसाला काय ठाऊक, शेजारी झोपतो त्याला विचारा. मग त्या गॅसवरचं दूध बघायला उठल्या. येऊन बघतात तर पडद्यावर 'आपला वेळ संपला आहे' अशी पाटी.

"मी दूध उतरवायला गेले, तर यांनी दार लावून घेतलं?"

साहेबांनी त्या पाटीच्या जागी तेही दुरुस्तीसकट टिपलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ते या टिपणांवरून रीतसर मजकूर लिहायला बसले. आधी अक्षराचं वळण निवडावं म्हणून एका 'ळ'कडे डोळे लावून बसले असताना संचालकबाईंचा फोन आला. नवी पानं झाली का, चालू करून टाकू का, असं बाई विचारत होत्या. साहेबांचं सगळं लक्ष 'ळ'मध्ये.

"हं, बरोबर," ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत तक्रार विभागातला माणूस धावत आला. "साहेब, लोक फोन करून सांगतायत, दूध उतरवून आलो, आता कुठे दाबायचं?"

"कसलं दूध?"

त्याने आपला मोबाइल पुढे केला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'आधी बसा तरी. वजनाचं मागाहून बघू.' मध्येच थांबलेल्याला निरोप होता, 'दूध उतरवून या सावकाश. मी इथेच आहे.' घोरण्याच्या प्रश्नाखाली शेजारी झोपणाऱ्याला विचारण्याचा सल्ला जसाच्या तसा होता. पानं उतरवायला साहेब जागेवर धावले, तर तिथे संचालकबाई उभ्या.

"कोणी लिहिलं हे?"

"बाई, ते म्हणजे... एक सल्लागार आहेत. अनुभवी आहेत फार."

"सकाळपासून आलेल्यांतले निम्म्याहून जास्त लोक अर्ज पुरा करून गेलेत. सोडू नका त्यांना, महिनाभर धरून ठेवा."

सल्लागारांना धरून ठेवणं अवघड नव्हतं. गुडघ्यामुळे त्या तशाही कुठे जात नव्हत्या. रोज संध्याकाळी साहेब त्यांच्या शेजारी बसू लागले. त्या अर्ज उघडायच्या, कुठेतरी अडायच्या, आणि अडल्या तिथली वाट साहेब मोकळी करायचे. प्रश्न कमी झाले, 'का विचारतोय' हे प्रत्येकाखाली आलं, अर्धवट राहिलेला अर्ज पुन्हा आहे तिथूनच उघडू लागला. अडण्याच्या आधी आणि नंतर सासूबाई इतरही बरंच बोलायच्या, आणि कुठल्या वाक्यात कामाचं काही निघेल याचा भरवसा नसल्याने साहेबांना सगळंच ऐकावं लागायचं.

घोरण्याच्या सल्ल्याने तर कहर केला. नवरे अर्ज भरता भरता बायकोला विचारू लागले, बायकांनी खरं ते सांगितलं, नवऱ्यांनी ते अमान्य केलं, आणि 'आता तूच भर तुझा' या वळणावर एकेका घरातून दोन दोन अर्ज येऊ लागले. प्राध्यापकबाईंना आणखी गाद्या मागवाव्या लागल्या. संचालकबाईंनी सल्लागारांशी फोनवर दोन शब्द बोलायची इच्छा दाखवली. सासूबाईंनी त्यांना आधी जेवलात का असं विचारलं, आणि दोन शब्दांऐवजी संचालकबाईंच्या आखडलेल्या खांद्याचा साद्यंत इतिहास झाला. फोन ठेवल्यावर संचालकबाई साहेबांना म्हणाल्या, "फार मोठ्या अभ्यासक वाटतात हो."

महिनाअखेरीच्या बैठकीत संचालकबाईंनी आकडे दाखवले. टाळ्या पडल्या. जुन्यातले अडकलेले अर्जसुद्धा बहुतेक सगळे मार्गी लागले होते. "एकच गंमत आहे," त्या म्हणाल्या. "हा बघा. ही व्यक्ती रोज संध्याकाळी येते, शेवटच्या पानापर्यंत जाते आणि 'पाठवा' न दाबता निघून जाते."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. अर्ज कुणाचा ते त्यांना लगेच कळलं. शेवटचं बटण लहान आहे म्हणून त्यांनी मोठं केलं होतं, मोठं अंगावर येतं म्हणून पुन्हा लहान केलं होतं, रंग तर तीनदा बदलला होता. सगळ्यांचे अर्ज पुरे झाले आणि घरचाच का राहिला, याचा ते विचार करू लागले. संचालकबाई काहीतरी बोलत होत्या.

"हं, बरोबर," साहेब म्हणाले.

पुन्हा टाळ्या पडल्या. तक्रार विभागाचा माणूस येऊन हात हातात घेऊन म्हणाला, "अभिनंदन साहेब. इतकं ऐकून घेणारा माणूस आमच्याकडेच हवा, असं बाई म्हणाल्या. आता दोन्ही विभाग तुमचेच."

घरी आल्यावर साहेबांनी बूटसुद्धा न काढता विचारलं, "आई, ते शेवटचं बटण का दाबत नाही तुम्ही?"

"रंग बरा नाही त्याचा."

"आई."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं.

"मी सांगते," बायको म्हणाली. "ते दाबलं की अर्ज संपला. अर्ज संपला की तुझं काम संपलं, आणि तू परत दार लावून आत. लोक अर्ध्यातून उठून जातात म्हणून तू डोक्याला हात लावून बसलास, पण या घरात अर्ध्यातून उठून जाणारं माणूस एकच आहे."

साहेबांना फार ओशाळल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. आपण शेजारी बसावं म्हणून कुणी महिनाभर बटणाचे रंग नाकारावेत, असं त्यांच्या बाबतीत आजवर झालं नव्हतं. त्यांनी बूट काढले, हातपाय धुतले, टेबलाशी आले आणि लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.

"आई, तो चष्मा शेवटी कुठे सापडला?"

"कुठला?"

"तुमच्या डॉक्टरांचा."

"आधी बसा तरी," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पार रिक्षा मिळण्यापासून सुरुवात केली. चष्म्यापर्यंत पोचायला दूध दोनदा गरम करावं लागलं. तो सासूबाईंच्याच पिशवीत निघाला होता आणि अजून तिथेच होता. डॉक्टरांना तो परत करायला कोणी जायचं, हे ठरवताना पुढचा बराच वेळ गेला.