परशुराम दळवींचं मेंदूचं टॉनिक

मेंदू हा शरीराचा सर्वांत वरचा अवयव असल्यामुळे कोणतीही गोष्ट तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो. डोंबिवलीच्या परशुराम दळवींच्या बाबतीत हा वेळ सोळा वर्षे होता.

१९८८ साली दळवींनी 'मेधाशांती' या टॉनिकची बाटली घरी आणली. लेबलावर दोन लाभ छापलेले होते : स्मरणशक्ती वाढते, मनःशांती लाभते. औषध पत्नीसाठी होतं. हेमाताई त्या आठवड्यात त्यांचा रुमाल द्यायला दोनदा विसरल्या होत्या. (स्वतः दळवींना औषधाची गरज नव्हती. त्यांना सगळ्याची आठवण करून द्यायला हेमाताई होत्या.)

सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, दुधातून. आठव्या दिवसापासून रुमाल वेळेवर मिळू लागला. तेविसाव्या दिवशी पोळी वाढताना हेमाताई म्हणाल्या, "अहो, मधु शाळेत जायला लागला की मी परत बालवाडीत शिकवायला जाणार, असं ठरलेलं ना?"

त्यांचा मुलगा मधु तेव्हा कॉलेजात होता.

"कधी ठरलेलं?"

"बहात्तर साली. तुम्ही हो म्हणालेलात."

दळवींनी त्याच दिवशी कंपनीला कळवलं की, स्मरणशक्ती प्रमाणाबाहेर वाढली असून मनःशांती मुळीच लाभलेली नाही. कंपनीचं उत्तर तत्परतेने आलं : 'आपल्या पत्रावरून सौभाग्यवतींचे मन शांत दिसते. लाभ औषध घेणाऱ्यासच होतो.'

म्हणून दळवींनी स्वतः औषध सुरू केलं. बाटली संपता संपता त्यांचं जेवण कमी झालं. एका रविवारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अगं, त्या वेळी बालवाडीचं पत्र आलेलं. तुला बोलावलेलं त्यांनी. मी ते दाखवलंच नाही. खिशात ठेवलं."

"माहीत आहे," हेमाताई भाजी परतत म्हणाल्या. "शर्ट मीच धुतलेला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते."

दळवींनी कोथिंबीर निवडायला घेतली. लग्नानंतर प्रथमच. (निम्मी वाया गेली.)

जूनमध्ये हेमाताई बालवाडीत रुजू झाल्या. इमारतीतल्या अकरा बायकांनी टॉनिकचं नाव लिहून घेतलं. केमिस्टकडचा सगळा साठा मात्र आठवडाभरात संपला. तो नवऱ्यांनी उचलला होता, आणि एकाही घरी बाटली पोचली नाही.

वाचकांनी हे औषध शोधत बसू नये. तुमच्या घरी काय काय ठरलं होतं, ते कोणाला तरी लख्ख आठवत असणारच. आता थोड्या वेळाने तेच माणूस तुम्हाला चहा हवा का म्हणून विचारेल.