अर्डेलची नवी दारू

अर्डेल टेश वर्षानुवर्षं एकाच कंपनीची दारू वापरत आला होता आणि ती नेमकी यंदाच्या हिवाळ्यात दुकानांतून गायब झाली. दारू म्हणजे बंदुकीची. दुसरी, प्यायची, विस्कॉन्सिनमधल्या ओटरबर्ग गावात कधी गायब होत नसे. तिची काळजी तिथली माणसं वेळेवर घेत.

अर्डेल दुधाच्या टँकरांचा मेकॅनिक. दर शुक्रवारी संध्याकाळी माजी सैनिकांच्या हॉलच्या तळघरात पिस्तुलाची हिवाळी स्पर्धा चाले आणि तिच्यासाठी लागणारी काडतुसं तो आपल्या गॅरेजात स्वतः भरायचा. वापरलेली पुंगळी घासूनपुसून लख्ख करायची, मागे ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मापून दारू ओतायची, तोंडाशी शिशाची गोळी दाबायची. हे सगळं तो जिभेचं टोक दातांत धरून करी. "आमच्या लग्नातसुद्धा याचं एवढं लक्ष नव्हतं," असं त्याची बायको लव्हॉन आल्यागेल्याला सांगायची.

आणि यंदा तर लक्ष द्यायलाच हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा अर्डेल स्पर्धेत तिसरा चालला होता. शिवाय तळघरच हातचं जायची वेळ आली होती. त्याचं कारण होतं डेल्फिन क्रान. हॉलमध्ये दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असे, अख्खं गाव रांग लावी, आणि त्या जेवणाची मालकीण, सेनापती, न्यायाधीश असं सगळं काही डेल्फिन होती. लव्हॉनही तिच्याच हाताखाली कोबी चिरायची.

"वर माझ्या माशांना ठेवायला जागा नाही," डेल्फिन म्हणे, "आणि खाली पाचसहा म्हातारे ठो ठो करत बसतात! ते तळघर मला द्या. फ्रीझर ठेवते."

सोमवारी सभासदांचं मतदान होतं. त्याआधीच्या शुक्रवारी नेमबाजांनी शहाण्या मुलांसारखं वागायचं, असं सगळ्यांचं ठरलं होतं.

नवी दारू सुचवली गेलन वोय्टाने. गेलन स्पर्धेचा पंच आणि अर्डेलचा शाळेपासूनचा दोस्त. "घेऊन तर बघ," तो म्हणाला. "हाताला झटका म्हणून बसत नाही. कुणी उशीने ढकलावं तसं. तुझ्या मनगटाला आराम पडेल बघ."

"तू वापरलीस?"

"माझ्या मेव्हण्याने आणली."

"मग त्याने वापरली?"

"वापरली नाही अजून. डबा उघडून बघितलाय."

एवढ्या भक्कम शिफारशीवर अर्डेलने डबा घेतला. तरी माणूस सावध. कंपनीच्या तक्त्यात दिलेलं सगळ्यात कमी माप त्याने धरलं, थोडी काडतुसं भरली आणि खडीच्या खाणीवर जाऊन उडवून पाहिली. वारा असा सुटला होता की टोपी धरावी की पिस्तूल, तेच कळेना. पण गेलनचं म्हणणं खरं होतं. दुखरं मनगट हूं की चूं करत नव्हतं आणि पत्र्याच्या डब्यावर गोळ्या एकमेकींना चिकटून बसत होत्या. अर्डेल शीळ घालत घरी आला आणि त्याने बादलीभर काडतुसं भरली.

शुक्रवारी पहिल्या फेरीत त्याचा नेम असा लागला की गेलनने निशाणाचा कागद दोनदा उलटून पाहिला. "अरे, हे तूच मारलंस ना?"

"मग काय तुझ्या मेव्हण्याने?"

दुसऱ्या फेरीत मात्र एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. खाणीवर वारा होता. तळघरात वारा नव्हता. म्हातारा पंखा कण्हत होता आणि अर्डेलच्या पिस्तुलातून दर गोळीमागे पांढऱ्या धुराचा एक गुबगुबीत ढग निघून छताखाली बसत होता. पहिला ढग जायच्या आत दुसरा येई. थोड्याच वेळात समोरचं निशाण दिसेनासं झालं.

"अर्डेल," धुरातून गेलनचा आवाज आला, "तू नेम धरतोयस की शेकोटी पेटवतोयस?"

"थांबू का?"

"थांब. म्हणजे... आहेस कुठे तू?"

खोकत खोकत कुणीतरी जिन्याचं दार उघडलं आणि ते मिटू नये म्हणून खुर्ची लावली. तळघराला बरं वाटलं. धुरालाही बरं वाटलं. तो रांगेने जिना चढून वर जेवणाच्या हॉलमध्ये गेला.

वर डेल्फिनला वाटलं, तेल जळलं. तिने एकामागून एक सगळ्या कढया बंद केल्या. "लव्हॉन! काय करपवलंस?"

"कोबी कसा करपेल, डेल्फिन? मी तो नुसता चिरतेय!"

तेवढ्यात धुराचा भोंगा वाजायला लागला. अख्खा हॉल हातात थाळ्या घेऊन बाहेर बर्फात उभा राहिला. कुणी मासा टाकला नाही, हे ओटरबर्गच्या स्वभावाला धरूनच झालं. पंचाईत अग्निशमन दलाची झाली. दल गावातल्याच हौशी लोकांचं आणि त्यातले बहुतेक जण माशांच्या रांगेत उभे होते. ते धावत स्टेशनवर गेले आणि जिथून निघाले होते तिथेच घंटा वाजवत बंब घेऊन परत आले. त्यांचा रांगेतला नंबर गेला म्हणून थोडी बाचाबाचीही झाली.

अर्डेल जिन्याच्या तळाशी उभा होता. वरून डेल्फिन उतरली. तिच्या पायांचा आवाज ऐकून गेलन एका खांबामागे झाला.

"अर्डेल टेश! हा काय प्रकार आहे?"

"नवी दारू आहे, डेल्फिन."

"ते दिसतंयच. प्यायलास किती?"

"तसली नाही गं. काडतुसातली. चूक माझी आहे. बंद जागेत उडवून बघायला हवी होती. बाकीच्यांचा काही दोष नाही, त्यांना तळघरातून घालवू नकोस. मी येणार नाही पुढच्या शुक्रवारपासून, हवं तर."

हे बोलताना त्याने बाहीने डोळे पुसले. त्याने धुराला दोष दिला.

डेल्फिन काही बोलणार, तोच दलाचा प्रमुख खाली आला. आग कुठेच नव्हती. त्याने बंबावरचा मोठा पंखा तळघराच्या खिडकीशी लावला आणि दारं उघडी ठेवायला सांगितली. तळघर लगेच स्वच्छ झालं. वरच्या हॉलला मात्र वेळ लागणार होता आणि तोवर कढया पेटवायच्या नव्हत्या. बाहेर तर नाकाचं टोक गळून पडेल अशी थंडी. तेव्हा जेवणारी मंडळी थाळ्यांसकट तळघरात उतरली. त्यातल्या निम्म्यांनी ते आजवर कधी पाहिलंच नव्हतं. स्पर्धा तर बुडालीच होती. अर्डेल एका बाकावर आपली बादली मांडीवर घेऊन बसून राहिला.

लव्हॉन त्याच्याजवळ आली. "खरंच झटका बसत नाही याचा?"

"नाही बसत. पण आता काय उपयोग?"

"मला दाखव की मग."

अर्डेलने वर बघितलं. इतक्या वर्षांत लव्हॉनने पिस्तूल हातात घेतलं नव्हतं. एकदा घेतलं होतं, तेव्हाच्या झटक्याने तिचा चष्मा टेबलाखाली गेला होता. पण पंखा जोरात चालू होता, निशाण स्पष्ट दिसत होतं. गेलन खांबामागून बाहेर आला, बाकी सगळ्यांना रेषेमागे उभं केलं, लव्हॉनला कानांवरची झापडं नि नेमबाजीचा चष्मा दिला आणि शेजारी उभा राहिला. तिने एक उडवली. मग दुसरी. मग हसायला लागली.

"अगं बाई! हे तर लोण्यासारखं आहे!"

कागदावर काळ्या वर्तुळात दोन भोकं होती. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. डेल्फिन हाताची घडी घालून उभी होती. आपल्या हाताखाली कोबी चिरणाऱ्या बाईसाठी टाळ्या वाजताहेत, हे तिच्याच्याने बघवेना.

"बाजूला हो, लव्हॉन," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

पहिली गोळी मारताना तिने डोळे मिटले. दुसरीला एक उघडला. गेलनने हळू आवाजात श्वास सोडायला सांगितलं. ज्या बाईने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, तिने श्वास सोडला. तिसरी गोळी मधोमध लागली. मग सगळ्याच. पिस्तूल रिकामं झालं तसं तिने ते गेलनने शिकवल्याप्रमाणे खाली ठेवलं आणि मागे न बघता म्हणाली, "परत भर."

बादली तिथेच निम्मी झाली. रेषेमागे बायकांची रांग लागली आणि वर हॉल साफ झाल्याची खबर आली तरी कुणी हलेना.

सोमवारच्या सभेत डेल्फिन उभी राहिली, तेव्हा अर्डेलने बसल्या जागी डोळे मिटून घेतले. फ्रीझर कोट टांगायच्या खोलीत ठेवावेत, असं ती म्हणाली. कोट लोकांनी अंगावरच ठेवावेत. तळघरात मोठा पंखा बसवावा, त्याचा खर्च माशांच्या पैशातून करावा. आणि शुक्रवारी पहिला तास बायकांचा. सगळे हात वर गेले.

"एकच अडचण आहे," डेल्फिन म्हणाली. "आम्ही खाली गेल्यावर कढया कोण बघणार?"

नवा पंखा बसला त्या शुक्रवारी अर्डेल कंबरेला फुलाफुलांचा एप्रन बांधून गरम तेलापुढे उभा होता. शेजारी गेलन कोबी चिरत होता आणि मधूनमधून स्वतःचं बोट वाचवत होता. फरशीखालून मऊ धप्प धप्प ऐकू येत होतं आणि त्यामागून बायकांचं हसणं. तुकडे जिभेचं टोक दातांत धरून पिठात बुडवायचे, रंग बघायचा, योग्य क्षणी बाहेर काढायचे. अर्डेल हेही तसंच करत होता.

रांगेत पहिला होता म्हातारा कार्ल ड्रेगर. त्याने तिथेच उभ्याउभ्या एक घास घेतला, चावला आणि थांबला.

"हे कुणी तळलं?"

अर्डेलचे कान लाल झाले. "मी. का? कच्चं राहिलं?"

कार्लने जिन्याच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"डेल्फिनला सांगू नकोस, पण काहीही करून तिला खालीच ठेवा."

अर्डेलने त्याच्या थाळीत एक तुकडा जास्त टाकला.