साळवे सरांची पहिली बादली

मे महिन्यातला रविवार, सकाळी आठ. हजर: मी, म्हणजे चिकलठाण्यातल्या आमच्या सोसायटीची सचिव, खजिनदार देशपांडे, तळमजल्यावरच्या शेखभाभी, आणि स्वतः साळवे सर. गैरहजर: टँकर. विषय: सर मातीला आंघोळ घालतात.

सर बिडकीनच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक. एकटेच राहतात. शेजारी नव्या इमारतीचा पाया खणला तेव्हा आम्ही खिडक्या लावून घेतल्या. सर घमेलं घेऊन माती आणायला गेले. ती आता शिल्पाची माती म्हणून त्यांच्या बाल्कनीत ओल्या पोत्याखाली असते. टँकर आला की पहिली बादली तिची. सर स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसतात आणि मग दारोदार विचारतात, "तांदूळ धुतलेलं पाणी आहे का? डाळीचं नको, मुंग्या येतात."

"लोगां को पीने को नै, और तुम मिट्टी को पिला रै, सर," शेखभाभी म्हणाल्या.

"भाभी, लोक बोलून दाखवतात. माती नुसती तडकते."

देशपांडे कविता करतात. त्यांनी एकदा मोठ्या आदरानं विचारलं होतं, "सर, प्रेरणा कुठून येते?"

"टँकरमधून," सर म्हणाले. "कल्पना-बिल्पना काय नसतं हो. माती ओली तवर हात फिरतो, चुकलं तर मोडता येतं. वाळली की झालं तेच खरं."

बैठकीत पाण्यावरून वाद नको म्हणून सर उठून घरी गेले. त्यांच्या मागं ठराव झाला: पाऊस पडेपर्यंत मातीसाठी पाणी बंद. कळवायचं काम माझं. कामं मागं ठेवणं मला जमत नाही. लगेच वर गेले.

सर पोतं काढत होते. खाली बाईचं डोकं. अंबाडा, कपाळ, कानातली कुडी, सगळं झालेलं. ओठांच्या जागी नुसता मातीचा गोळा.

"आमची मंडळी," सर म्हणाले. "फोटोत सगळीकडं तोंड मिटून बसलीय. ती ती नव्हंच. घरात लई बोलायची. मीच म्हणायचो, गप बस जरा, काम करू दे."

त्यांनी अंगठा ओला केला, ओठ उघडले, लांबून पाहिलं, पुन्हा मोडले.

"बोलताना तोंड कसं व्हायचं, तेवढं सापडंना. तुमचं काही काम होतं का, ताई?"

"नाही. सहज आले."

ऊन बाल्कनीत आलं होतं. पोत्याचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि डोकं झाकलं.

ठराव मंजूर आहे, सह्या झाल्यात. सरांना कळवायचं राहिलंय.