तासभर बसवणारे वाघमारे काका

वाघमारे काकांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, हाडं राहतात. नेकनूरच्या बाजारात भर गर्दीत ते ओरडणार, "ओ डावा खुबा! काठी का म्हून सोडली?" आणि तो डावा खुबा, म्हणजे सत्तरीतला चांगला धोतर-टोपीवाला माणूस, चोरी पकडल्यासारखा इकडंतिकडं बघायला लागतो.

काका आमच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. रिटायर झाले, पण घरी करमेना. तेवढ्यात आमच्या हाडांच्या डॉक्टरसाहेबांनी एक अभ्यास काढला. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर आतून रॉड टाकलेला बरा, का बाजूनं प्लेट लावलेली बरी? त्यासाठी ऑपरेशननंतर वर्षभर, दर तीन महिन्यांनी पेशंटच्या घरी जाऊन फॉर्म भरायचा. हे काम काकांनी मागून घेतलं. फॉर्म कम्प्युटरवर चढवायचं माझ्या गळ्यात पडलं. म्हणजे नर्सची कामं करून वर हे!

फॉर्मात एक प्रश्न होता, 'खुर्चीवर तासभर आरामात बसता येतं का?' कुण्या शहाण्यानं लिहिला कुणास ठाऊक. आमच्याकडं खुर्ची असते ती पाव्हण्याला. म्हातारी माणसं जन्मभर भुईवर बसलेली. दुसरा कुणी असता तर टिक मारून मोकळा झाला असता. काकांनी प्लास्टिकची लाल खुर्ची सुतळीनं मोटारसायकलला बांधली आणि निघाले. पेशंटला खुर्चीत बसवायचं, घड्याळ बघायचं आणि आपण समोर भुईवर मांडी ठोकायची. तासभर म्हणजे तासभर!

"अहो काका, नुसतं विचारलं तरी चालतंय की."

"सिस्टर, माणूस खोटं बोलतो. हाड न्हाई बोलत."

एका आजोबांना पन्नासाव्या मिनिटाला लघवीला लागली, तर या बाबानं परत पहिल्यापासून मोजलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

असं करत शेवटी एकच फॉर्म उरला, धारूरकडच्या डोंगरातल्या केसरअक्कांचा. तो आला की अभ्यास पुरा, म्हणून साहेबांनी नुसता धोशा लावला होता. काकांबरोबर मीही गेले. अक्कांची पोरं-सुना ऊसतोडीला गेलेली, घरात त्या एकट्याच. वळणावरून मी बघितलं, अक्का कमरेवर कळशी घेऊन झपाझप चालल्या होत्या. हातात काठीसुद्धा नाही! मोटारसायकलचा आवाज आला मात्र, कळशी खाली ठेवली आणि बाई लंगडायला लागल्या.

खुर्चीत बसवून पाच मिनिटं झाली नाहीत, तर "आगं आई गं! लई दुखतंय. न्हाई बसवत मला!"

काका शांतपणे म्हणाले, "अक्का, आपरेशन उजव्या पायाचं हाय. तुमी डावा का म्हून धरला?"

मला हसू आवरेना. अक्कांनी मात्र पदर तोंडाला लावला.

"बरं हाय म्हनलं की तुमी यायचे न्हाईत. पोरं उसावर गेली की कुत्रं सुदिक फिरकत न्हाई इकडं. तुमी तेवढे तासभर समोर बसता, बोलता."

माझं हसू विरलं. वाटलं, लिहू दे 'दुखतंय' म्हणून, एकानं काय बिघडतंय? पण काका कसले! पुरा तास त्यांना खुर्चीत बसवलं आणि फॉर्मावर लिहिलं, 'आरामात बसता येतं.' मला त्यांचा असा राग आला म्हणता! अक्का तर मान खाली घालून बसल्या.

काकांनी पेन खिशाला लावलं.

"अक्का, कागदावर खोटं लिहिता येत न्हाई. पर एक सांगतो. दुखतंय का न्हाई, ते मला धा मिन्टात कळतंय. चालीवरूनच कळतंय. आमची मालकीण गेली, तवापासून घरी गेलं तर भिंतीसंगं बोलावं लागतंय. म्हणून मी तास लावायचो."

इतकी वर्षं एका वॉर्डात काम केलं, पण मला याचा पत्ता नव्हता. लाज वाटली मला.

अक्का खुर्चीतून टुणकन उठल्या.

"मग मंगळवारी या की. कागद नगं, कायबी नगं. नुसतं या. जेवायलाच या."

काका खाली वाकून खुर्चीची सुतळी उगाच गुंडाळत राहिले. म्हणून मीच म्हणाले, "येतील, अक्का."